घरात स्टीम शॉवर बसवताय? बारामती-इंदापुरात आधी पाणी तपासा, मग मीटर

नव्या बंगल्याचा नकाशा टेबलावर पसरला की हल्ली घरातून एक फर्माईश होतेच: बाथरूममध्ये ‘स्टीम’ हवी. जिममध्ये किंवा एखाद्या रिसॉर्टवर वाफ घेतलेली असते, अंग हलके झालेले आठवत असते. मग पुण्यातल्या शोरूमची एक फेरी होते. काचेची केबिन, रंगीत दिवे, ब्लूटूथ स्पीकर, छताएवढा मोठा शॉवर. केबिनवर तासभर चर्चा रंगते. बोअरच्या पाण्यात क्षार किती आणि वीजबिलावर मंजूर भार किती लिहिला आहे, हे दोन प्रश्न मात्र ना विकणारा विचारतो ना घेणारा.

बारामती आणि इंदापूर तालुक्यात स्टीम शॉवर नीट चालणार की दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत बंद पडून त्यात बादल्या ठेवायची वेळ येणार, हे बहुतेक वेळा या दोन प्रश्नांवरच ठरते. केबिनचा नंबर नंतर लागतो.

तसे पाहिले तर वाफ या भागाला नवी नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा कारखान्यांचे गाळप वाफेवर चालते. वालचंदनगरला तर साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनते. कारखान्याच्या बॉयलर विभागात काम केलेला माणूस घरात किंवा भावकीत असेल तर त्याला विचारा. बॉयलरला पाणी सोडण्याआधी ते मऊ करावे लागते, नाहीतर नळ्यांत थर बसतो, हे तो झोपेतही सांगेल. घरातला स्टीम जनरेटर म्हणजे त्याच बॉयलरचे छोटे पिल्लू. नियम तोच, फक्त तो सांगणारा माणूस शोरूममध्ये नसतो.

यंत्र नेमके काय करते?

स्टीम शॉवरचे खरे यंत्र केबिनच्या बाहेर असते. सुटकेसएवढी एक पेटी, तिच्यात काही लिटरची स्टीलची टाकी, टाकीत विजेची कॉइल. नळाचे पाणी आत येते, उकळते आणि वाफ एका नळीतून केबिनमध्ये जाते. आत तापमान मोजणारा सेन्सर असतो. ठरवलेले तापमान आले की कॉइल बंद, उतरले की पुन्हा चालू. जुन्या वाड्यातला तांब्याचा बंब पाणी तापवून द्यायचा. हा पाणी उकळून हवेत सोडतो. फरक तेवढाच, पण विजेच्या हिशेबात तो फार मोठा आहे.

स्टीम आणि सौना यांत गल्लत होते. सौनात कोरडी उष्णता असते, तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअस. स्टीममध्ये ४० ते ४५ अंशच असते, पण हवा बाष्पाने शंभर टक्के भरलेली. अशा हवेत घाम वाळत नाही, उलट वाफच त्वचेवर येऊन पाणी होते आणि स्वतःची उष्णता अंगाला देऊन जाते. म्हणून ४५ अंशांची वाफ मे महिन्यातल्या बारामतीच्या ४० अंशांपेक्षा कितीतरी पट कडक वाटते.

आपल्याकडे आयुर्वेदातले स्वेदन आणि निसर्गोपचारातली वाफेची पेटी आहेच. पेटीत माणूस बसतो, डोके बाहेर राहते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने येताना लागणारा उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम महात्मा गांधींनी १९४६ मध्ये सुरू केला. घरात लाखभर रुपये घालण्याआधी अशा एखाद्या केंद्रात किंवा ओळखीच्या जिममध्ये चार-पाच वेळा वाफ घेऊन पाहणे शहाणपणाचे. काहींना बंद जागेत पाच मिनिटांतच जीव घाबरा होतो. हे केबिन बसवल्यावर कळले तर महागात पडते.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. पाण्याची वाफ होते तेव्हा फक्त पाणी जाते. त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम, मीठ सगळे टाकीतच राहते.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे, असे तेच मानक म्हणते. समजा तुमच्या बोअरचे पाणी ६०० चे आहे. ४ किलोवॅटचा जनरेटर पूर्ण ताकदीने अर्धा तास चालला तर साधारण पावणेतीन लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे एका वेळी सुमारे १.७ ग्रॅम क्षार टाकीत मागे राहिला. महिन्यातून १५ वेळा वापर धरला तर वर्षाला ३०० ग्रॅम. चार-पाच लिटरच्या टाकीत पाव किलोहून जास्त चुन्यासारखा दगड!

हा सगळाच्या सगळा कॉइलवर चिकटत नाही, काही गाळ होऊन खाली बसतो. पण जो चिकटतो तो उष्णता अडवतो. कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच तापत राहते आणि एक दिवस जळते. त्याआधी पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सळ्यांवर थर बसतो. टाकीत पाणी आहे की नाही हेच यंत्राला कळेनासे होते. गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

पाणी दोन्ही तालुक्यांत एकसारखे नाही. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा वेगळा, सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग वेगळा. इंदापुरात उजनीच्या फुगवट्याजवळची गावे आणि आतली बोअरवर जगणारी गावे यांचे पाणीही सारखे नसते. एकाच घरात दोन पाणी असतात, हे तर इथले रोजचे चित्र: वरच्या टाकीत कधी नळाचे, कधी बोअरचे, कालव्याचे आवर्तन लांबले की टँकरचे. नळाचे पाणी तपासून यंत्र घेतले आणि मार्च ते जून बोअरवर चालवले, तर तपासणीचा उपयोग काय? म्हणून नमुना उन्हाळ्यातल्या पाण्याचा घ्यावा, आणि जे पाणी खरोखर बाथरूमपर्यंत येते त्याचा घ्यावा.

तपासणी अवघड नाही. माळेगाव कॉलनीतल्या शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाण्याची तपासणी होते. शेतकरी कुटुंबांना ही वाट माहीत असते, फक्त बाथरूमसाठी तिकडे जावे असे कुणाच्या मनात येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्याही प्रयोगशाळा आहेत. मागताना ‘एकूण कठीणपणा’ आणि ‘टीडीएस’ दोन्ही आकडे मागा. आरओवाल्याचा पेनासारखा मीटर फक्त टीडीएस दाखवतो. पाण्यात मीठ जास्त असेल तरी आकडा फुगतो, चुना जास्त असेल तरी फुगतो. यंत्राला धोका मुख्यतः चुन्याचा.

मग आरओचे पाणी द्यावे का? इथे एक गंमत आहे. बऱ्याच जनरेटरमध्ये पाण्याची पातळी ओळखण्यासाठी पाण्यातून अगदी बारीक वीजप्रवाह जातो. पाणी फारच शुद्ध असेल तर ते वीज वाहून नेत नाही आणि भरलेली टाकीही यंत्राला रिकामी वाटते. मग ते पाणी घेतच राहते, नाहीतर चूक दाखवून बंद पडते. त्यामुळे थेट आरओ जोडण्याआधी कंपनीच्या पुस्तिकेत पाण्याच्या वाहकतेची अट पाहावी लागते.

सहसा योग्य उपाय म्हणजे वॉटर सॉफ्टनर. त्यातली राळ कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. टीडीएस फारसा कमी होत नाही, पण दगड बसणे थांबते. राळ थकली की मिठाच्या पाण्याने धुवावी लागते. हे काम दर काही दिवसांनी कोण करणार, ते आधीच ठरवा. मीठ संपलेला सॉफ्टनर म्हणजे भिंतीवरची शोभेची बाटली. आणि टीडीएस मुळातच खूप असलेले खारे पाणी मऊ केले तरी टाकीत फेस धरू शकते, मग वाफेबरोबर गरम पाण्याचे थेंब उडतात. असे पाणी असेल तर आरओचे आणि मऊ केलेले पाणी मिसळून द्यावे लागते किंवा स्टीमचा विचार सोडावा लागतो. दुसरा सल्ला विक्रेता देणार नाही, पण काही वस्त्यांवर तोच बरोबर असतो.

जनरेटर निवडताना ‘ऑटो फ्लश’ आहे का ते पाहा. वापर संपला की टाकीतले दाट झालेले पाणी तो आपोआप गटारात सोडतो. रोज ताज्या पाण्याने सुरुवात झाली तर थर बसण्याचा वेग बराच कमी होतो. या भागात ही सोय चैन म्हणून नव्हे, गरज म्हणून घ्यावी. फक्त सुटणारे पाणी उकळते असते, साध्या पीव्हीसीच्या नळीला ते सोसत नाही. थंड झाल्यावर फ्लश करणारे यंत्र किंवा उष्णता सहन करणारी नळी, दोन्हींपैकी एक हवेच.

विजेचा हिशेब

एक लिटर पाणी २५ अंशांपासून वाफ होईपर्यंत सुमारे ०.७ युनिट वीज लागते. त्यातली बहुतेक वीज पाणी तापवण्यात नव्हे, उकळलेल्या पाण्याची वाफ करण्यात जाते. ४ किलोवॅटचे यंत्र अर्धा तास म्हणजे जास्तीत जास्त २ युनिट. तेवढ्याच विजेत अंघोळीच्या १५ लिटरच्या सहा-सात बादल्या तापतात. पाणी वाचते, वीज वाचत नाही. आणि वाफ घेतल्यावर अंगावर पाणी घ्यावेच लागते.

महिन्याला १५ वेळा म्हणजे ३० युनिट. युनिटला सगळे आकार मिळून १२ रुपये धरले तर ३६० रुपये. बंगला बांधणाऱ्याला हा आकडा जड नाही. मात्र महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. तुमचा वापर आधीच ३०० युनिटच्या काठावर असेल तर हे ३० युनिट वरच्या टप्प्याच्या दराने मोजले जातील.

खरी अडचण बिलाची नाही, भाराची आहे. घरातला गिझरचा पॉइंट १६ अँपिअरचा असतो. ३ किलोवॅटला साधारण १३ अँपिअर लागतात, ते जमते. ४ किलोवॅटला १७ लागतात, म्हणजे पॉइंट संपला. ६ किलोवॅटला २६. त्यामुळे ४ किलोवॅट आणि वरच्या यंत्राला मुख्य बोर्डापासून थेट वेगळी लाइन हवी. ६ किलोवॅटसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी. ‘गिझरचीच लाइन वापरू, काही होत नाही’ असे म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवावे.

आता बेरीज करून पाहा. स्टीम ६ किलोवॅट, एक एसी दीड, दुसऱ्या बाथरूमचा गिझर दोन, एक अश्वशक्तीची पाण्याची मोटर पाऊण. सकाळी सात वाजता हे सगळे एकदम चालू झाले तर १० किलोवॅटच्या वर. सिंगल फेजच्या घरगुती जोडणीत हे बसत नाही. बिलावर छापलेला ‘मंजूर भार’ पाहा, कमी असेल तर वाढवून घ्या, गरज पडल्यास थ्री फेज घ्या. हे काम टाइल बसण्याआधी व्हायला हवे. नाहीतर नवी वायर ओढण्यासाठी नव्या भिंती फोडाव्या लागतात.

शेतातल्या वस्तीवर घर असेल तर आणखी दोन गोष्टी. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरातले उपकरण चालवणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते. शिवाय शेती फीडरला थ्री फेज वीज ठरावीक तासच असते.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. वस्ती फीडरच्या टोकाला असेल आणि आजूबाजूच्या मोटारी चालू असतील तर २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळणे इथल्या लोकांना नवे नाही. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे उतरते. १८० व्होल्टला ६ किलोवॅटचे यंत्र ३.७ किलोवॅटचे होऊन बसते. पैसे सहाचे, वाफ पावणेचारची. ‘मशीन डिफेक्टिव्ह आहे’ अशी तक्रार करण्याआधी मल्टिमीटर लावून पाहणे बरे. इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवायचा विचार करू नये. छतावर सोलर असेल तर वाफ सकाळी सहाऐवजी दुपारी घेतली तरच ती वीज थेट वापरात येते, पण दुपारी वाफ घ्यायला कोण मोकळा असतो?

अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत तडजोड नाही. ओले अंग, ओली फरशी आणि शेजारी ६ किलोवॅटचे यंत्र. वायरीतला प्रवाह बाहेर गळू लागला की आरसीसीबी क्षणात वीज तोडतो. काळ्या मातीत घर असेल तर अर्थिंगचे मोजमाप मेमध्ये करा. पावसाळ्यात ओल्या जमिनीत आकडा छान येतो, उन्हाळ्यात जमीन तडकली की तोच रोध वाढलेला असतो. केबिनच्या आतले दिवे १२ व्होल्टचे आणि बाष्परोधक असावेत.

खोली जितकी मोठी, तितका भुर्दंड

किती किलोवॅटचे यंत्र? ढोबळ नियम असा की एका घनमीटर जागेला सुमारे १ किलोवॅट. अॅक्रिलिकच्या तयार केबिनला त्याहून कमी पुरते. भिंती ग्रॅनाइटच्या असतील, भरपूर काच असेल किंवा एक भिंत बाहेरची असेल तर जास्त लागते. दगड आधी स्वतः तापतो, मग हवा तापू देतो.

४ बाय ३ फुटांची, ७ फूट उंचीची केबिन म्हणजे सुमारे २.४ घनमीटर. ३ ते ४ किलोवॅटमध्ये काम होते. तेच ८ बाय ५ ची अख्खी बाथरूम ९ फूट उंचीची धरली तर १० घनमीटरच्या वर जाते, म्हणजे १० किलोवॅटचे यंत्र आणि थ्री फेज. आपल्याकडे बाथरूम ऐसपैस बांधायची हौस असते, पण वाफेला ऐसपैस जागा नको असते. एका कोपऱ्यात काचेने बंद केलेली छोटी जागा, छत सात-साडेसात फुटांवर, एवढे पुरे.

छत सपाट ठेवू नका. वाफ थंड होऊन थेंब धरते आणि ते डोक्यावर टपकतात. एका फुटाला एक-दोन इंच उतार दिला तर पाणी भिंतीवरून ओघळते. पीओपी आणि जिप्समचे फॉल्स सीलिंग इथे चालत नाही, काही महिन्यांत फुगते. टाइलच्या मागे वॉटरप्रूफिंगचा अखंड थर हवा, तोही छतापर्यंत. साध्या बाथरूममध्ये गवंडी तो तीन-चार फुटांवर थांबवतो, कारण पाणी तेवढेच उडते. वाफ मात्र सगळीकडे घुसते. ती गिलाव्यात शिरली की शेजारच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आणि पोपडे, स्लॅबमध्ये शिरली की सळईला गंज. सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी भरावे.

दार बाहेर उघडणारे आणि कडीशिवायचे हवे. आत कुणाला चक्कर आली तर बाहेरून ढकलून उघडण्याची वेळ येऊ नये.

प्लंबरला सांगायची एकच गोष्ट

जनरेटरपासून केबिनपर्यंतची वाफेची नळी तांब्याची किंवा कंपनी सांगेल त्या धातूची असावी. हल्ली घरोघर गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी वापरतात, त्यामुळे प्लंबर तीच जोडायला निघतो. सीपीव्हीसीची मर्यादा सुमारे ९३ अंशांची आहे आणि वाफ १०० अंशांची. ती नरम पडते, सांध्यावर सुटते, आणि सुटते ती बहुधा भिंतीच्या आत. नळीला मध्ये कुठे झोल नको, नाहीतर तिथे पाणी साचून वाफ अडते. नळीवर व्हॉल्व्ह तर अजिबात नको. वाफेचे तोंड जमिनीपासून अर्धा ते एक फूट उंचीवर, बसायच्या जागेपासून आणि पायांपासून दूर. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी बुजवू नये. थेंब गळतात म्हणून तिला बूच लावणारे महाभाग असतात.

बॉयलर कायद्याची परवानगी लागते का, असा प्रश्न कारखान्यात काम करणारे विचारतात. लागत नाही. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, तरी २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी बॉयलरच्या व्याख्येत येत नाहीत आणि घरगुती जनरेटरची टाकी त्याहून बरीच लहान असते. पण परवानगी नाही म्हणजे तपासणीही नाही. जबाबदारी घरमालकाचीच.

गॅस गिझर असेल तर थांबा

दोन्ही तालुक्यांत अनेक घरांत बाथरूममध्येच गॅस गिझर असतो. गॅस जळताना हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममध्ये यामुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आता स्टीमसाठी हीच बाथरूम आणखी घट्ट बंद करायची, खिडकी बुजवायची, दाराला रबर लावायचे, म्हणजे धोका कितीतरी पट वाढतो. स्टीम बसवायची असेल तर गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत गेलाच पाहिजे. केबिनबाहेर एक्झॉस्ट पंखाही हवा, वापरानंतर ओल बाहेर काढायला.

अंगाला किती मानवते?

१० ते १५ मिनिटे पुरेत. आधी आणि नंतर पाणी प्यावे. सर्दीत नाक मोकळे होते, आखडलेले स्नायू सैल पडतात, झोप बरी लागते असे अनेकांना जाणवते. ‘शरीरातली विषद्रव्ये निघतात’ आणि ‘वजन उतरते’ हे जाहिरातीतले दावे मात्र बाजूला ठेवावेत. काट्यावर जे कमी दिसते तो घाम असतो, दोन पेले पाणी प्यायले की भरून येतो.

गरोदर महिला, हृदयविकार किंवा कमी-जास्त रक्तदाब असलेले, पायांना संवेदना कमी असलेले मधुमेही यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये. लहान मुलांना एकटे सोडू नये. दारू पिऊन वाफ घेणे धोक्याचे, फार्महाऊसवर स्टीम बसवणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. निलगिरीचे तेल जनरेटरच्या टाकीत ओतू नये. कॉइल आणि सळ्या तेलकट होतात, पाणी फेसाळते. वाफेच्या तोंडाजवळ छोटी वाटी असते, दोन थेंब तिथे.

भाड्याचे घर असेल किंवा एवढा खटाटोप नको असेल तर घडीचा स्टीम तंबू किंवा डोके बाहेर राहणारी पेटी मिळते. तिची वाफेची भांडी साधारण एक किलोवॅटची असतात, साध्या पॉइंटवर चालतात आणि टाकी उघडून हाताने घासता येते. जड पाण्याच्या गावात ही शेवटची सोय फार मोलाची. उकळते भांडे तंबूच्या आत पायाशी नव्हे, बाहेर राहील असेच मॉडेल घ्यावे. नुसत्या सर्दीसाठी हवे असेल तर पातेल्यातला वाफारा आहेच.

पैसे देण्याआधी

जनरेटरच्या किमतीवर बजेट ठरवले तर ते हमखास चुकते. सॉफ्टनर, वेगळी वायरिंग, वाढीव भार, वॉटरप्रूफिंग, टफन्ड काच आणि दार मिळून यंत्राइतकाच खर्च होऊ शकतो. त्यात सर्व्हिसचा प्रश्न वेगळा. बारामती पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूर त्याहून पुढे. माणूस किती दिवसांत येणार, फेरीचे पैसे किती, कॉइल आणि सेन्सर कुठे मिळणार, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत ‘क्षारामुळे झालेले नुकसान’ वगळलेले असते का, तेही पाहावे. असेल तर आपल्या पाण्याचा अहवाल विक्रेत्याला दाखवून ‘या पाण्यावर हे यंत्र चालेल’ असे सहीनिशी मागावे. सही द्यायला तो कचरला, तर उत्तर मिळाले.

शेवटचा हप्ता हातात ठेवून चाचणी घ्या. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून वीज तुटते का पाहा. घरातली मोटर आणि एसी चालू असताना केबिन ४२ अंशांपर्यंत यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजा. १०-१५ मिनिटांत वाफ भरली नाही तर यंत्र लहान आहे किंवा व्होल्टेज कमी. पूर्ण वेळ चालवून झाल्यावर फ्लशचे पाणी बादलीत धरा आणि दोन महिन्यांनी पुन्हा धरा. बादलीच्या तळाशी पांढरी खर दिसू लागली असेल तर सॉफ्टनरमध्ये मीठ टाकायची वेळ झाली आहे.